कातडीचा रंग छापताना

वर्णभेदावरचं, कविता आणि चित्रं जोडीने असलेलं पुस्तक हातात आलं की आधी चेहरे बघावेत. कपाळावरचा उजेड, गालाखालची सावली, दोन माणसांच्या रंगातला फरक दिसतो का? हे दिसत नसेल, तर कवितेने उभी केलेली माणसं छपाईने पुसली. दोष जुना आहे. कोडॅकचे फोटो धुणाऱ्या लॅबमध्ये रंग जुळवायला कित्येक दशकं गोऱ्या बाईचा फोटो असलेलं ‘शर्ली कार्ड’ वापरत. त्या मापात सावळे, काळे चेहरे नुसते डाग व्हायचे.

जातीच्या अन्यायावर असं पुस्तक ठाण्यात काढायचं असेल, तर वागळे इस्टेटमधल्या छापखान्यातही प्रश्न तोच येतो. गडद कातडी दाखवायला काळी शाई वाढवली की चेहरा राखेसारखा दिसतो. तपकिरी रंग मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि थोडा सायन (आकाशी निळा) या शायांतून उभा करावा. काळी प्लेट, म्हणजे काळ्या शाईचा छपाईचा पत्रा, फक्त खोल सावलीपुरती. एका जागी प्रत्येक शाई पूर्ण भरली तर 100 टक्के धरतात; चारही शाया मिळून 300 टक्क्यांच्या आत राहाव्यात, मॅपलिथो या लेप नसलेल्या साध्या कागदावर त्याहून कमी, कारण तो कागद शाई पितो, ठिपके फुगतात आणि सावल्या भरून जातात. 130 जीएसएमचा (चौरस मीटरला 130 ग्रॅम वजनाचा) मॅट, म्हणजे न चकाकणारा, आर्ट पेपर मला योग्य वाटतो. प्रूफ, म्हणजे तपासायची नमुना छपाई, नेमक्या त्याच कागदावर मागा आणि ट्यूबलाइटखाली नव्हे, दिवसाच्या उजेडात पाहा.

चित्रकारासाठी अमेरिकी चित्रकार जेकब लॉरेन्सची पद्धत सोन्यासारखी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या कृष्णवर्णीयांवर त्याने 1940-41 मध्ये 60 चित्रं केली. चित्रांखालची वाक्यं आधी लिहिली, मग सगळे फलक मांडून एकेक रंग सगळ्यांवर लावत गेला. त्यामुळे रंगांचा मेळ पहिल्यापासून साठाव्यापर्यंत टिकला.

चित्राने ओळ पुन्हा सांगू नये. ओळीत विहीर असेल तर चित्रात ओंजळ पुढे करून थांबलेला माणूस असावा. कवी क्वामे अलेक्झांडर आणि चित्रकार कादिर नेल्सन यांच्या कृष्णवर्णीय अमेरिकनांवरच्या 2019च्या पुस्तकात, जे जगू शकले नाहीत त्यांच्या ओळीसाठी समोरासमोरची दोन्ही पानं कोरी ठेवली आहेत. छापखान्यातून ‘पान रिकामं राहिलंय’ असा फोन येईल. कोरं पान डमीतच, म्हणजे पुस्तकाच्या हाती बनवलेल्या कच्च्या नमुन्यातच, लिहून द्या.

कविता निवडताना हक्क तपासा. कवीच्या निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे नामदेव ढसाळांसाठी परवानगी लागेलच. सावित्रीबाईंचं 1854चं ‘काव्यफुले’ मात्र मोकळं आहे.

डमीसाठी आठ ए-फोर कागद मधोमध दुमडा, 32 पानं होतात. चेहरा शिवणीपासून निदान 15 मिमी दूर ठेवा, नाहीतर नाक घडीत जातं. अक्षर फक्त काळ्या प्लेटवर घ्या. चार रंगांत घेतलं आणि प्लेट केसभर सरकली, तर वेलांट्या दुहेरी दिसतात. गडद चित्रावर पांढरी अक्षरं हवीच असतील तर जाड वळणाची घ्या, बारीक रफार शाईत बुजतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद फुगून रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. छपाई दिवाळीनंतर धरली तर बरं.