जुनी मणीमाळ घेताना
आज पुसदकडच्या आठवडी बाजारात बंजारा बायांच्या जुन्या माळा होत्या. धुऊन चकाचक, नव्या नायलॉनमध्ये ओवलेल्या. किंमत तिथंच पडते राजेहो! जाणकार संग्राहक मूळ सुताचा दोरा, गाठी अन् मण्यांचा क्रम पाहतो. काचेचा मणी गालाला थंड लागतो. जुन्यात दोन मणी हुबेहूब सारखे सापडणं कठीण. प्लास्टिक हलकं, कडेला साच्याची बारीक रेघ. भोकाची कड धारदार असली की दोरा तिथंच कापतो. माळ तुटायला आली असेल तर आधी फोटो काढा, मणी क्रमानं चिकटपट्टीवर लावा, मेण लावलेल्या दुहेरी सुतात ओवा. जुना दोरा फेकू नका, पुडीत ठेवा. पाण्यात बुडवाल तर सूत आतून कुजेल. अन् माळेतल्या कवड्या उजळायला चिंच-लिंबू? अजिबात नाही, आंबटानं कवडी झिजते, चकाकी कायमची जाते.