कट्ट्याचे क्षेत्रफळ

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी गेल्या दीड वर्षात ज्या सभा झाल्या, त्या प्रत्येक सभेतला पहिला प्रश्न एकच होता : कार्पेट, म्हणजे घरातले वापरण्याजोगे क्षेत्रफळ, किती वाढवून मिळणार? पस्तीस टक्के की चाळीस, भाडे किती महिन्यांचे आगाऊ, कॉर्पस (विकसकाने द्यायचा निधी) एकरकमी की टप्प्याटप्प्याने, या तीन गोष्टींचा चोवीस कुटुंबांनी जितका कीस पाडला तितका मुलामुलींच्या लग्नांच्या याद्यांचाही पाडला नसेल. कमिटीवर असल्यामुळे निविदांचा तुलनात्मक तक्ता मीच केला होता आणि त्यात बावीस रकाने होते. अंगण, कट्टा आणि गच्ची यांच्यासाठी त्यात एकही रकाना नाही, हे माझ्या लक्षात आले ते नव्या इमारतीचा नकाशा टेबलावर पसरल्यानंतर.

आमची इमारत कोथरूडमधली, १९८६ सालची. तळमजला अधिक तीन मजले, भूखंड १,८६० चौरस मीटरचा. बाजूच्या अंगणात बकुळीचे झाड आहे आणि त्याखाली कोबा केलेला साडेअकरा फुटांचा कट्टा. कट्ट्याचे एक टोक झिजून गुळगुळीत झाले आहे, कारण सकाळी भाजीवाल्या मावशी तिथे टोपली टेकवतात आणि संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकू तिथेच बसतात. गुडघ्यांमुळे त्यांना फाटकाबाहेर जाता येत नाही, पण त्या जागेवरून त्या सगळ्या घरांची हजेरी घेतात आणि कोणाचा मुलगा कधी परतला हे वॉचमनच्या आधी त्यांना ठाऊक असते. गणपतीचा मांडव याच कट्ट्याला टेकून पडतो. नव्या नकाशात या जागेवर ‘ड्राइव्ह-वे’ असे लिहिलेले होते.

वास्तुविशारदांनी नियम मोडला होता असे मुळीच नाही, आणि नेमके तेच मला अधिक खुपले. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून जी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, तिच्यात भूखंडाच्या दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडण्याची अट चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांचे बहुतेक भूखंड त्याच्या निम्म्यानेही नसतात. त्यांनी असे अंगण ठेवलेच पाहिजे, असे कोणी सांगत नाही.

यावर सल्लागारांचे उत्तर असे होते की, आमचा भूखंड मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) असून त्या रेखांकनाची दहा टक्के मोकळी जागा कोपऱ्यावर सोडलेली आहेच. ती आहे, हे खरे. तिथे एक देऊळ, ज्येष्ठ नागरिकांची शेड आणि व्हॉलीबॉलचे दोन खांब आहेत. पण ती सोडली गेली तेव्हा आमच्या भूखंडावर एक एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाइतकेच बांधकाम, मिळत होता आणि घरे चोवीस झाली. आज नऊ मीटर रुंदीच्या आमच्या रस्त्यावर मूळ १.१०, अधिमूल्य (जादा शुल्क) भरून ०.५० आणि टीडीआरचे (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेल्या बांधकाम हक्काचे) ०.४० असे मिळून दोन, आणि निवासी बांधकामासाठी त्यावर साठ टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जोडीचे जादा, चटई क्षेत्र मिळते. त्यामुळे घरे बावन्न होणार आहेत. रस्त्यावरच्या इतर सोसायट्याही याच मार्गाने निघाल्या आहेत. म्हणजे देवळाची, शेडची आणि व्हॉलीबॉलची जागा तेवढीच राहणार आणि तिच्यावर हक्क सांगणारी माणसे दुप्पट होणार. मोकळ्या जागेचा हिशेब जमिनीच्या टक्क्यांत एकदाच झाला आणि घरांचा हिशेब मात्र दर काही वर्षांनी नव्याने होत राहिला. माझी खरी तक्रार एवढीच आहे, बाकी सगळे तपशील तिच्यातूनच निघतात.

सभेत मी कट्ट्याचा विषय काढला तेव्हा हशा पिकला. ‘गच्चीवर पार्टी लॉन देतोय की,’ असे विकसकाचे प्रतिनिधी म्हणाले. गच्चीचा नकाशा मागवून पाहिला तर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि सौर पॅनेल यांतून उरलेल्या तुकड्याला हिरवा रंग दिलेला होता. अकराव्या मजल्यावरच्या त्या हिरव्या तुकड्यावर भाजीवाल्या मावशी येणार नाहीत, आणि लिफ्ट बंद असेल त्या दिवशी काकूही येणार नाहीत. हा वाद नवा नाही. मुंबईतल्या एका प्रकल्पात बाग पोडियमवर, म्हणजे जमिनीपासून उंच बांधलेल्या चौथऱ्यावर, दाखवली गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये, तेव्हाच्या मुंबईच्या नियमावलीने ठरवलेली किमान मनोरंजनाची जागा जमिनीच्या पातळीवरच असली पाहिजे, असा निर्णय दिला होता. आमच्या बाबतीत अशी किमान जागाच ठरलेली नसल्याने त्या निर्णयाचा आधार घेता येत नाही.

मजल्यावरच्या व्हरांड्यांची गतही तशीच आहे. पूर्वी जिना, लिफ्ट आणि बाहेरची लॉबी यांचे क्षेत्र अधिमूल्य भरून एफएसआयच्या बाहेर ठेवता येत असे. नव्या नियमावलीत इमारतीच्या बाह्यरेषेच्या आतले जवळजवळ सगळेच क्षेत्र मोजले जाते. हिशेबाच्या पारदर्शकतेसाठी ही सुधारणा चांगलीच आहे, कारण बाल्कनी आणि टेरेस यांच्या नावाने पूर्वी काय काय चालत असे ते सर्वांना माहीत आहे. पण मोजले जाते ते विकले गेलेले बरे, असा विचार होणारच. मग दोन दारांमधली खुर्ची टाकण्याजोगी जागा नियमाने मागितलेल्या किमान रुंदीवर येऊन थांबते.

पार्किंगबद्दल कायदा स्पष्ट आहे. इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका सोसायटीच्या प्रकरणात २०१० साली सांगितले. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या व्याख्येतही जिने, लॉब्या, सामायिक गच्ची, बागा, खेळाच्या जागा आणि उघडे पार्किंग हे सगळे सामायिक क्षेत्र आहे. मात्र जे असेल ते सर्वांचे, एवढेच ही व्याख्या सांगते. किती असावे हे तिने सांगितलेले नाही. ते करारात लिहून घ्यावे लागते, आणि लिहून घेण्याची ताकद सोसायटीच्या हातात असते ती करारावर सह्या होईपर्यंतच.

म्हणून तेविसावा रकाना मी उशिरा का होईना वाढवला : जमिनीवरची, वाहनांना बंद असलेली सामायिक जागा, चौरस मीटरमध्ये. तीन विकसकांपैकी दोघांनी तिथे शून्य लिहिले. तिसऱ्याने साठ चौरस मीटर देऊ केले, पण त्यासाठी चार गाड्यांची जागा कमी होईल आणि त्या चार गाड्या यांत्रिक पार्किंगमध्ये वर चढवाव्या लागतील, असेही लिहिले. त्या चार कोणाच्या, यावर पुढच्या सभेत काय होणार याचा अंदाज येण्याइतका काळ मी कमिटीवर काढला आहे.

गेल्या रविवारी, सभेत सर्वांत मोठ्याने हसलेले दुसऱ्या मजल्यावरचे काका स्वतःहून टेप घेऊन खाली आले. साठ चौरस मीटरांचा तुकडा बकुळीभोवती बसवता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. नकाशात त्या बाजूचे सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि कुंपण यांच्यातली मोकळी जागा, सात मीटर वीस सेंटिमीटर आहे आणि त्यातला सहा मीटरचा पट्टा अग्निशमन दलाच्या गाडीसाठी मोकळा ठेवावा लागतो, तो ठेवायलाच हवा. म्हणजे झाडासाठी भिंतीलगत एक मीटर वीस उरतात. झाड पन्नास वर्षांहून जुने असते तर ते वृक्ष कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे वारसा वृक्ष ठरले असते, पण ते इमारतीनंतरच्या पावसाळ्यात लावलेले आहे. काकांनी कुंपणाच्या भिंतीपासून बुंध्यापर्यंत टेप धरली, मी दुसरे टोक पकडले, आणि काकूंनी कट्ट्यावरून आकडा विचारला. तीन मीटर चाळीस.