हळदीच्या गोदामातलं बिऱ्हाड

सोमवार

सांगलीतल्या आमच्या जुन्या हळदीच्या गोदामाचं राहतं घर करतोय, त्याला आज पहिली खिडकी पडली. भिंत दोन फुटी, खाली काळा दगड, वर वीट, सगळं चुन्यात. असल्या भिंतीला एकदम भोक पाडता येत नाही. मिस्त्रींनी आधी छपराच्या कैच्यांखाली टेकू दिले, बाहेरच्या बाजूनं भिंतीची अर्धी जाडी फोडून लिंटेल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळई, बसवलं आणि ते पक्कं होईपर्यंत आतल्या बाजूला कुणाला हात लावू दिला नाही. आज आतला अर्धा भाग काढला, दुसरं लिंटेल सरकवलं आणि खालची चिणाई मोकळी केली. उजेड आत आला तो धुळीतूनच. धूळ पिवळी. इतकी वर्षं इथे पोतं नाही, तरी पिवळी.

मामंजी खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "हळदीला उजेड लागला की रंग उडतो. रंग उडाला की सौद्यात भाव पडतो. खिडक्या ठेवतंय कोण?"

खरंच आहे. ही इमारत बांधणाऱ्यानं काही चुकवलेलं नाही, फक्त त्याच्या डोळ्यासमोर हळकुंडं होती, माणसं नव्हती. वळचणीखाली हातभर झरोके, तेवढीच हवा. पाठीवर पोतं घेतलेला हमाल न वाकता शिरेल एवढं रुंद दार. ओटा ट्रकच्या फाळक्याच्या उंचीला, म्हणून रस्त्यावरून आत यायला पायरीच नाही. आई परवा आल्या तेव्हा स्टूल लावून चढल्या. आत नळ नाही, मोरी नाही, कारण ओल हा हळदीचा वैरी. आणि आम्ही पहिल्याच दिवशी काय केलं, तर पाणी कुठून आत घ्यायचं याचा नकाशा काढत बसलो.

बुधवार

कचेरीत दिवस गेला. व्यापारी वापराची जागा राहण्यासाठी करायची तर वापर बदलाची परवानगी, घरपट्टीची नोंद बदलणं, विजेचा मीटर घरगुती करणं. प्रत्येक टेबलाला दुसऱ्या टेबलाचा कागद आधी हवा असतो. न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये रिकाम्या कारखान्यांत चित्रकार मंडळी बिऱ्हाडं थाटून राहिली, तीही आधी बेकायदाच; १९७१ साली नियम बदलले तेव्हा त्यांचं राहणं कागदावर आलं. नवरा मला हे रांगेत सांगत होता. म्हटलं, तुमचे चित्रकार ठीक आहेत, आपला झेरॉक्सवाला बंद व्हायच्या आत सातबाराची प्रत काढून आणा.

शुक्रवार

आज भिंत लाल झाली.

खालच्या पाच फुटांवर मागं कधीतरी एका पुरानंतर सिमेंटचा गिलावा मारला होता. त्याचे पोपडे सुटले होते. चुन्याच्या भिंतीत पाणी शिरलं तर ते पृष्ठभागावरून उडून जायला हवं. सिमेंट त्याला अडवतं आणि ओल आतच राहून विटा खाते. म्हणून तो सगळा गिलावा खरवडून काढला आणि चुन्याचाच करायचं ठरलं. मिस्त्रींनी आठवडाभर भिजवलेला चुना आणला. आधी अंदाज घ्यायला कोपऱ्यात ब्रशनं नुसतं पातळ चुन्याचं पाणी मारलं. बघता बघता त्या पांढऱ्यातून लाल उमटायला लागलं. आधी विटांच्या सांध्यांत रेघा, मग सबंध पट्टा कुंकवासारखा. पोराच्या हातातला ब्रश खालीच पडला.

आई मात्र शांत. "चुना आणि हळद. लहानपणी आमच्याकडं असंच कुंकू करायचे. त्यात एवढं घाबरायचं काय?"

पुराचं पाणी एवढ्या वेळा या भिंतीवरून गेलं, मग हळद गेली कशी नाही, हा मला पडलेला प्रश्न. उत्तर साधं आहे. हळदीचा रंग ज्या कर्क्युमिनचा, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याला मारतो तो उजेड, आणि उजेड इथे कधी आलाच नाही. ओला चुना अल्कधर्मी, त्यात कर्क्युमिन लाल होतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होत गेला की त्याची धार कमी होते आणि लालीही ओसरते. म्हणजे वाट बघायची.

नवऱ्याला वाट बघायची नव्हती. त्याला ती लाली तशीच ठेवायची होती. त्याच्या मोबाइलवर परदेशातल्या लॉफ्टचे फोटो असतात: उघड्या विटा, लोंबते दिवे, भिंतीवर जुनी गंजकी पुली. त्याचा बेत म्हणजे दारापाशी पोती तोलायचा जुना काटाही पॉलिश करून हॉलमध्ये ठेवायचा आणि त्यावर झाड. आईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोदामात राहायला आलोय असं दिसायला कशाला पाहिजे?"

मी आईंच्या बाजूनं. ज्यांनी इथे पाठीला पोती लावली, ज्यांच्या नाकात ही भुकटी वर्षानुवर्षं गेली, त्यांना या खडबडीत भिंतीत कसली आलीय शोभा. शोभा दुरून आलेल्यांना दिसते. भिंत पांढरी होणार. तीनदा हात द्यावा लागला तरी चालेल.

रविवार

सगळी मंडळी आज इथेच जेवली. चटणी-भाकरी, झुणका, आणि पंखा नाही. तरी कौलांखाली गार होतं. वीस फूट उंचीवर गेलेली गरम हवा झरोक्यातून निघून जाते, हा एक गुण हळदीला आणि माणसाला सारखाच लागू पडला.

मामंजींनी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचं सांगितलं. तिथल्या जमिनीत खोल खड्डे काढून त्यात हळद साठवायची, तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, कारण आत श्वासाला हवा नसायची. आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तर माणूस. २००५ च्या पुरानं पेवांत पाणी गेलं आणि तो कारभार जवळपास संपला. गोदामं आधीपासून होतीच, मार्केट यार्डही होतं; आता कोल्ड स्टोरेज. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या या गोदामाला कुलूप होतं.

पुराचा विषय निघाला म्हणजे माळ्याचा निघणारच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं; धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर आहे. म्हणून झोपायच्या खोल्या माळ्यावर, लोखंडी गर्डर टाकून. विजेचा बोर्डही तिथेच. खाली स्वयंपाकघरात प्लायवूड नाही, कडप्प्याची मांडणी. फ्रिज मात्र खालीच राहणार, तो दर पावसाळ्यात वर चढवायचा म्हणजे हमाल परत बोलवायला हवेत.

लेकीनं खडूनं जमिनीवर खोल्या आखल्या. आम्ही त्या रेघांतून उगाचच दारं उघडल्यासारखे फिरलो. मामंजींची खोली आम्ही मागं, मोरीजवळ धरली होती, रात्री उठायला बरं म्हणून. माळा त्यांना चढवत नाही. ते तिथे गेलेच नाहीत. पुढं दारापाशी, काटा होता तिथे जाऊन उभे राहिले.

"माझी कॉट इथं."

"मामंजी, तिथे चपलांचा स्टँड आहे. येणारा-जाणारा तुमच्या उशाशी चपला काढेल."

"काढू दे की. इथून रस्ता दिसतो. तिथं मागं मला काय हळदीसारखं ठेवताय अंधारात?"

यावर कुणाला काही बोलता येईना. मी खडू घेतला आणि स्टँड पुसला. तिथे दाराशिवाय उजेड नाही, आणि दार रात्री बंद होणार, म्हणून मिस्त्रींना फोन करून आणखी एक खिडकी सांगितली, रस्त्याच्या बाजूला. त्यांनी विचारलं, "वहिनी, थोडी भिंत ठेवायची आहे ना?"