तुम्ही विचारलंत म्हणून : पुस्तकावरून प्राणी रंगवता येतात का?

घरी येणारा पाहुणा भिंतीवरच्या चितळासमोर जरा वेळ थांबतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, "कोणाकडे शिकलात?" कोणाकडेच नाही, पुस्तकांवरून शिकले, असे सांगितले की दुसरा प्रश्न येतो : "पुस्तकावरून खरेच येते का हो हे?" दारात उभ्या उभ्या मी "येते की" एवढे म्हणून मोकळी होते. ते उत्तर अर्धवट आहे, म्हणून उरलेले इथे लिहिते.

बँकेतल्या नोकरीची वीस वर्षे उलटल्यावर, वयाच्या 43व्या वर्षी, मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मला एक जुने अमेरिकन पुस्तक 120 रुपयांना मिळाले. वन्य प्राणी हुबेहूब कसे रंगवावेत, याचे धडे त्यात पायरीपायरीने दिलेले होते. लांडगा होता, बर्फात उभे असलेले हरीण होते, रॅकून होता. मला जमलेला पहिला प्राणी म्हणजे हा रॅकून, जो मी जन्मात पाहिलेला नव्हता. सासूबाईंनी ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि "उदमांजर छान काढलेस हो" असे म्हणाल्या. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही.

पुस्तकाने दिलेली सर्वांत उपयोगी शिकवण अशी, की केसाळ प्राणी रंगवताना केस काढत बसायचे नसतात. आधी अंगाचे उजेडातले आणि सावलीतले मोठे भाग पातळ रंगात मांडून घ्यायचे. मग ट्रेसिंग पेपरवर बाणांनी केसांची दिशा आखायची, म्हणजे नाकापासून कपाळावर, डोळ्याला वळसा घालून मानेकडे आणि तिथून खांद्यावर. आणि त्यानंतर टाकून द्यायच्या लायकीचा, केस फिसकारलेला चपटा ब्रश रंगात बुडवून, फडक्यावर जवळजवळ कोरडा करून त्या दिशेने हलकेच ओढायचा. बारीक ब्रशने एकेक केस काढायचा तो फक्त कडांना आणि उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात. बाकीचे केस पाहणाऱ्याचा डोळा आपणहून भरून घेतो.

या धड्याच्या आधी एक कंटाळवाणे प्रकरण होते. त्यात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या रंगाच्या नऊ छटांची पट्टी करायची होती, आणि तीही एकदा नव्हे, तर डोळे मिटून जमेल इतक्या वेळा. सगळे करतात तेच मी केले. प्रकरण ओलांडून थेट प्राण्यांकडे गेले.

त्याची शिक्षा चितळाने दिली. नागझिऱ्यात मी स्वतः काढलेल्या फोटोवरून ते रंगवायला घेतले होते. अंगाचा तांबूस तपकिरी रंग मनासारखा उतरला, आणि मग शेवटी ट्यूबमधला निव्वळ पांढरा घेऊन मी त्यावर ठिपके दिले. चित्र दूर ठेवून पाहिले, तर बोकडाच्या अंगावर कोणी साबुदाणा सांडून ठेवल्यासारखे दिसत होते. चुकले कुठे हे कळेना, तेव्हा निमूटपणे त्या ओलांडलेल्या प्रकरणाकडे परतले. त्यात एक उपाय होता : जाड करड्या कागदाला वाटाण्याएवढे छिद्र पाडायचे आणि त्यातून एका वेळी एकच रंग पाहायचा. फोटोवर ते छिद्र पाठीवरच्या उन्हातल्या तपकिरी भागावर धरले, मग पोटाकडच्या सावलीतल्या एका पांढऱ्या ठिपक्यावर धरले. ठिपका पाठीच्या तपकिरीपेक्षा गडद होता! पांढरा म्हणून मी ज्याला पांढरा रंग फासला होता, तो प्रत्यक्षात निळसर करडा होता. माझे डोळे तो पाहत होते आणि डोके मात्र "चितळाचे ठिपके पांढरे असतात" हे शाळेतले वाक्य ऐकवत होते.

दुसऱ्यांदा मी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या करड्या मिश्रणात कमीअधिक पांढरा घालून ठिपके दिले. कण्याच्या बाजूने ते ओळीत लागतात, पोटाच्या वरच्या अंगाला एकमेकांना जवळजवळ चिकटून रेघ होतात आणि शरीर वळते तिथे गोल न राहता चपटे दिसतात. पाहुणे थांबतात ते या दुसऱ्या चितळापाशी. पहिले माळ्यावर आहे.

पुस्तक ज्या हवेत लिहिलेले असते, ती हवा आपल्याकडे नसते, हेही सांगायला हवे. मे महिन्यात पुण्यात ॲक्रिलिकचा रंग पॅलेटवरच वाळून जातो. त्यावर मी स्टीलच्या डब्यात ओला पंचा, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग असा तोडगा काढला, जो झाकण लावल्यावर दोन दिवस टिकतो. उलट जुलैत जलरंगाचा हात वाळता वाळत नाही आणि पुस्तकातली "दहा मिनिटे थांबा" ही सूचना वाचून हसू येते. पुस्तकातल्या सावल्या बर्फावरच्या होत्या. आपल्याकडच्या दुपारी सुकलेल्या गवतावरून परतलेला पिवळा उजेड प्राण्याच्या पोटाला खालून लागतो, तो कोणत्याच पानावर सापडला नाही.

प्राणी प्रत्यक्ष न पाहता केवळ हाती आलेल्या कागदांवर विसंबले तर काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण योगायोगाने आपल्याकडूनच, गोव्यातून निघालेले आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याच्याकडून आलेला एक गेंडा पोर्तुगीजांनी 1515 साली गोव्याहून जहाजाने लिस्बनला पाठवला. जर्मनीत न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. हाती आलेले वर्णन आणि कच्चे रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत आणि खांद्यांपाशी एक जादा छोटे शिंग आहे. चित्र इतके देखणे होते, की पुढची दोनशेहून अधिक वर्षे युरोपातले चित्रकार गेंडा म्हणून त्याचीच नक्कल करत राहिले, शिंगासकट. ज्याने 1502 साली ससा समोर ठेवल्यासारखा रंगवला, त्याच माणसाची ही गोष्ट आहे, म्हणून ती मला जास्त लागते.

त्यामुळे पुस्तक मिटून बाहेर जाणे भाग असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले पेंढा भरलेले पक्षी हलत नाहीत, म्हणून पिसांच्या रांगा मोजायला ते उत्तम. पण त्यांचे डोळे काचेचे असतात, त्यांवर भरवसा ठेवू नये. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मी एकाच कागदावर पाच-सहा अपुरी रेखाटने सुरू करते. हरणाने मान वळवली की दुसरे घ्यायचे, ते पुन्हा पहिल्यासारखे उभे राहिले की पहिल्याकडे यायचे. अर्ध्या तासात एखादे पुरे होते, कधी एकही होत नाही.

कोणते पुस्तक घ्यावे, असे विचाराल, तर मुखपृष्ठावरच्या वाघाला भुलू नका. मधल्या पायऱ्या पाहा. तिसऱ्या चित्रात नुसता तपकिरी गोळा आणि चौथ्यात एकदम मिशांसकट वाघ असेल, तर लेखकाने शिकवायचे ते नेमके त्या फटीत गिळले आहे. असे पुस्तक परत ठेवावे. माझे जुने पुस्तक पाहायचे असेल तर जरूर या. त्याची शिवण सुटली आहे आणि करड्या पट्टीचे पान रंगाच्या बोटांनी इतके माखले आहे, की त्यावरच्या नऊ छटा आता मोजता येत नाहीत. फक्त घरी न्यायला मागू नका.