मानेपर्यंत चिखलात

आज सांदिक्लीला होतो, तुर्कस्तानच्या अफ्योनकाराहिसार प्रांतात. गावाजवळच हुदाईचे गरम झरे आहेत. वज्रेश्वरीच्या कुंडात पाय सोडून बसायची सवय असलेला मी इथे चक्क मानेपर्यंत ऊन चिखलात. पाचव्या मिनिटाला धीर सुटला. शेजारचे आजोबा मात्र निवांत डोळे मिटून, म्हैस डबक्यात बसावी तसे! याच गरम पाण्यावर इथली घरंही हिवाळ्यात उबदार राहतात.

पण दिवस जिंकला तो शेतांनी. जूनचा महिना, अफू फुललेली, पांढरी आणि जांभळी. १९७१ मध्ये सरकारने लागवडच बंद केली होती, १९७४ मध्ये पुन्हा परवानगी दिली. आता परवान्याशिवाय पेरता येत नाही आणि बोंडाला चीर द्यायची नाही. वाळलेली बोंडं सरकार औषधांसाठी घेतं. बी शेतकऱ्याकडेच राहतं, त्याची तपकिरी चटणीसारखी पेस्ट पावात घालतात.

झऱ्याजवळच्या बेकरीतल्या मावशींना विचारलं, यात काय? म्हणाल्या, ‘हाशहाश.’

खसखस! अनारशांची आठवण आली आणि दोन पाव जास्तच घेतले. अंगाला चिखलाचा वास अजून येतोय.