खोरं, घाट आणि सावली

भाची सहावीत आहे. परवा सोप्यात बसून घोकत होती, "तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास द्वीपकल्प म्हणतात." साताऱ्यात बसून द्वीपकल्प! आम्हीही तेच केलं होतं. सामुद्रधुनी, संयोगभूमी, आखात, भूशिर. समुद्र पाहिला तो पुढं सहलीला गेल्यावर. तोवर मला सामुद्रधुनी हे बाईचं नाव वाटायचं. मंदाकिनी, सौदामिनी, सामुद्रधुनी. 'कल्प' म्हणजे 'जवळजवळ तसं', म्हणून द्वीपकल्प म्हणजे जवळजवळ बेट, एवढं कुणी सांगितलं असतं तर निम्मं पाठांतर वाचलं असतं.

मग तिनं विचारलं, "मामा, नदीला खोरं कशाला लागतं?"

आमच्याकडं खोरं म्हणजे टिकाव-पाटीच्या शेजारी दाराआड उभं असतं ते. माती ओढायचं. मी आधी हसलो, आणि मग हसू गिळलं. कृष्णा दुसरं काय करते? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा काळा कातळ झाला. तो कोरत, माती ओढत ती महाबळेश्वराहून वाईला उतरली. कोयनाही तिथलीच, पण ती डोंगराआडून वेगळी वाट धरते आणि कऱ्हाडला येऊन कृष्णेला समोरासमोर भेटते. एका घरच्या दोघी, दोन खोरी घेऊन निघालेल्या. भाचीला हे पटलं. परीक्षेत लिहू नकोस, असं मात्र बजावून सांगितलं.

घाटाचंही तसंच. आपला घाट म्हणजे डोंगरातून जायची वाट: खंबाटकी, पसरणी. नाहीतर मग नदीच्या पायऱ्या, संगम माहुलीसारख्या. पण परक्यांनी वाटेचं नाव अख्ख्या डोंगराला दिलं आणि 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत सह्याद्री गेला तो 'पश्चिम घाट' होऊन. आपलं कास त्यातच.

सगळ्यात फसवा शब्द मात्र पर्जन्यछाया. माझं आजोळ जावळीत, मेढ्याच्या पलीकडं. घर माणमध्ये, दहिवडीजवळ. जिल्हा एकच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आमच्याकडं पाचशेच्या आसपास. सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. समुद्राकडून आलेले ढग सह्याद्री चढताना गार होतात आणि तिथंच मोकळे होतात; पलीकडं उतरताना हवा तापते, कोरडी होते. आमच्या वाट्याला येतो तो वारा. त्यात महादेवाच्या डोंगररांगेनं आमचं पाणीही वेगळं काढलंय. माणगंगा कृष्णेकडं न जाता भीमेकडं जाते, आणि भीमा कृष्णेला भेटते ती थेट रायचूरजवळ.

लहानपणी हा धडा मी माणच्या आजीला वाचून दाखवला होता. वैशाखातली दुपार, पत्रा तापलेला. आजी म्हणाली, "सावली म्हंत्यात व्हय रं ह्याला? मग ऊन कसलं असतंय?"

तिच्याकडं पावसाचे शब्द कमीच. वळीव, उन्हाळी, परतीचा, आणि 'हुलकावणी दिली'. मामीकडं मात्र झड, रिपरिप, संततधार, भुरभुर, उघडीप, शिवाय ऊन असताना पडतो तो नागडा पाऊस. भात लावताना ती डोक्यावर इरलं घ्यायची. ओणवी झाली की इरल्याच्या कडेवरून पाण्याची झालर गळायची आणि आत ती कोरडी, हात तेवढे चिखलात. सुट्टी संपवून मेढ्यात एसटीत बसलो की माझी पिशवी दमट असायची. सातारा ओलांडून पुसेगावपर्यंत ती वाळायची आणि दहिवडीला उतरताना तिच्यावर धुळीचा थर. भूगोलाच्या बाईंनी हवामानातले बदल नकाशावर रंगानं दाखवले होते. मला ते पिशवीवर हात फिरवून कळायचे.

आता दोन्हीकडं फोन असतात. काल जुलैतला रविवार. आधी मामीला लावला.

"उघडलं का गं?"

"कुठलं उघडतंय! कापडं वाळंनात, चुलीच्या वर बांधल्यात."

मग काकीला.

"आला का गं?"

"आभाळ येतंय, बघतंय आन् जातंय."

भाची शेजारीच होती. "मामा, कोण आला का, ते तू सांगितलंच नाहीस," ती म्हणाली.