गोम्यातील गस्तीची परवानगी

काँगोच्या उत्तर किवू प्रांतातील भारतीय शांतिसैनिकांवर लिहायचे मी २०१३ च्या सप्टेंबरमध्ये ठरवले. आदल्या नोव्हेंबरात एम-२३ च्या बंडखोरांनी गोमा शहर काही दिवस ताब्यात ठेवले होते आणि ऑगस्टअखेरीस शहराच्या उत्तरेला पुन्हा लढाई झाली होती.

एकच परवानगी पुरेल, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मोहिमेवरचे आदेश संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीचे असले, तरी जवानाची शिस्त आणि त्याने माध्यमांशी बोलायचे की नाही, हे त्याच्या देशाचे लष्कर ठरवते. त्यामुळे एक अर्ज मोनुस्कोच्या, म्हणजे काँगोतील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेच्या, माहिती विभागाकडे आणि दुसरा दिल्लीला गेला. पहिला परत आला, कारण मी त्यात फक्त ‘मुलाखत’ असे लिहिले होते. कोणाची, कशावर आणि कॅमेऱ्यासह की कॅमेऱ्याविना, हे मी सांगायलाच हवे होते. मोहिमेच्या विमानातल्या जागेसाठी, अपघात झाल्यास भरपाई मागणार नाही, असे हमीपत्रही लिहून दिले.

तळावर अटी समजावून सांगितल्या गेल्या. गस्तीची वाट व वेळ आधी छापायची नाही, जखमी किंवा मृत जवानाचे नाव घरच्यांना कळण्यापूर्वी द्यायचे नाही, आणि जवान फक्त स्वतःच्या कामाबद्दल बोलेल. शांतिसैनिक असताना गोमा पडले कसे, हा गावकऱ्यांचा संतप्त प्रश्न मला विचारायचा होता. तो प्रवक्त्याकडेच न्यावा लागला. मला हे योग्य वाटले, कारण त्या प्रश्नाचे मूळ मोहिमेच्या अधिकारांत होते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या मार्च २०१३ च्या ठराव २०९८ ने प्रथमच आक्रमक कारवाईसाठी वेगळी ब्रिगेड दिली आणि तिच्यात दक्षिण आफ्रिका, टांझानिया व मलावीचे सैनिक होते. पहाऱ्यावरच्या जवानाने त्याचा जबाब का द्यावा?

गस्तीत एक बाई दुभाष्यामार्फत बंडखोरांनी नेलेल्या मुलाबद्दल सांगत होती. मी कॅमेरा उचलला, तेव्हा साताऱ्याकडचे एक सुभेदार हळूच म्हणाले, “ताई, फोटो नको. आपण संध्याकाळी तळावर असू, ती इथंच राहणार आहे.”

लेखात मी तिचे नाव दिले नाही, गावाचेही नाही. संपादकांना दोन्ही तोंडी सांगितले. मुलाखतींना अधिकारी बसून असावा, ही अटही मी मान्य केली होती, पण वाचकाला ते कळणे मला आवश्यक वाटले. म्हणून प्रत्येक मुलाखतीच्या पहिल्याच ओळीत तसे छापून घेतले.